चोवीस पोती वाळू

मागच्या महिन्यात एक मुलगी आमच्याकडे आली होती. हातात फाईल, गळ्यात ओळखपत्र आणि पायात चढाला अजिबात उपयोगी नसलेले बूट. डोंगरावरच्या बंद पडलेल्या पार्कचा इतिहास लिहायचं काम तिला मिळालं होतं. जिथे आमचं तिकीटघर होतं तिथे आता गाड्या थांबवून दरी बघायची जागा केली आहे, आणि तिथे एक माहितीफलक लागणार आहे म्हणे. तिला साल हवं होतं, आकडे हवे होते. पार्क कधी उघडलं, आकाशपाळणा कधी उभा राहिला, कोणत्या वर्षी सगळ्यात जास्त लोक आले. मी सतरा वर्षांची असल्यापासून त्या तिकीटघरात बसत होते, त्यामुळे ते सगळं मला तोंडपाठ आहे. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. सांगून सांगून कंटाळाही आला आहे, पण ते तिला कुठे माहीत.

शेवटी तिने फलकाचा मजकूर वाचून दाखवला. त्यात एक ओळ होती, ‘चौतीस वर्षांत एकही अपघात नाही.’

बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते. मला वाटलं होतं, डुलकी लागली असेल. ते डोळे न उघडताच म्हणाले, "ती ओळ काढा."

"का हो काका? खरी नाही का?"

"खरी आहे. म्हणूनच काढा."

ती माझ्याकडे बघायला लागली. म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं, असा चेहरा मी केला आणि तिला आणखी थोडा चहा दिला. पण बाबांचं डोकं अजून माझ्यापेक्षा ठिकाणावर आहे. ते असं का म्हणाले, ते फलकावर मावणार नाही, म्हणून इथे सांगते.

पार्क होण्याआधी त्या जागी लाकूड कापायचा कारखाना होता. मालकांचाच. पुढे झाडं तोडायला बंदी आली आणि मालकांकडे काय उरलं, तर डोंगराच्या कडेला सपाट केलेली मोठी जागा, वर येणारा एक रस्ता आणि हातावर हात ठेवून बसलेली चाळीस माणसं. दुसरा कोणी असता तर जागा विकून मोकळा झाला असता. मालक पडले हौशी. ते समुद्राकाठच्या कुठल्याशा शहरात गेले आणि तिथल्या बुडालेल्या जत्रेतला आकाशपाळणा जवळजवळ भंगाराच्या भावात घेऊन आले. तो एकसष्ट खोक्यांतून आला. कोणता तुकडा कुठे बसतो हे सांगणारा एक कागदही सोबत नव्हता. होता तो फक्त एक फोटो, त्यातही अर्ध्या पाळण्यापुढे कुणाची तरी बायको छत्री धरून उभी होती.

बाबा कारखान्यात करवती दुरुस्त करायचे. वय एकोणतीस. आकाशपाळणा त्यांनी जवळून कधी बघितलाही नव्हता. मालकांनी फोटो त्यांच्या हातात दिला आणि जमेल का, असं विचारलं. बाबा म्हणाले, आधी फोटोतल्या बाईंना बाजूला व्हायला सांगा. हा त्यांचा आयुष्यातला बहुतेक एकमेव विनोद, पण त्याच्यावर ते तीस वर्षं निभावून गेले. सात आठवड्यांत पाळणा उभा राहिला. बारा डबे, प्रत्येकात दोन माणसं बसतील असे. वर गेलं की तिन्ही दऱ्या दिसायच्या. सगळं जिथल्या तिथे बसलं, आणि मग खोक्यांच्या तळाशी दोन बोल्ट उरले.

त्या दोन बोल्टांनी आमच्या घराची झोप उडवली. मालक म्हणाले, जास्तीचे पाठवले असतील, विसरून जा. लोकांनी तर बाबांचं नावच ‘दोन बोल्ट’ पाडलं. बाबांनी पाळणा तीनदा वरपासून खालपर्यंत तपासला, बोल्टांची जागा काही सापडली नाही. तेव्हा त्यांनी ठरवलं की ह्या पाळण्यावर आपला विश्वास बसणार नाही, तर न बसू दे, रोज नव्याने खात्री करून घेऊ. त्यांनी चोवीस पोती शिवून घेतली, प्रत्येकात साठ किलो वाळू भरली, आणि रोज सकाळी पार्क उघडायच्या आधी ती एकेक करून बारा डब्यांत चढवायला सुरुवात केली. माणसाच्या जागी पोतं. मग पाळणा दहा फेरे फिरवायचा. फिरताना बाबा खांबाला लांब स्क्रू ड्रायव्हर टेकवायचे, त्याच्या मुठीला कान लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. त्या वेळी पार्कमध्ये कोणी बोलायचं नाही, कँटीनमध्ये भांडं वाजवायचं नाही. सगळं ठीक वाटलं की ते रजिस्टरमध्ये तारीख घालून लिहायचे, ‘पूर्ण वजनावर दहा फेरे. आवाज नाही.’ मगच मी पहिलं तिकीट फाडायचं. आधी पोती, मग माणसं, हा आमच्या पार्कचा नियम होता.

पहिली वीस वर्षं पार्क जोरात चाललं. बोगद्यातून जाणारी छोटी गाडी आली, आरसेमहाल आला. फाटकावर प्लास्टरचा एक राक्षस बसवला, त्याचं नाक दर हिवाळ्यात गळून पडायचं आणि दर वर्षी नवं नाक आधीपेक्षा मोठं व्हायचं. रविवारी बस वळवायला जागा नसायची. मी शाळेतून आले की तिकीटघराच्या मागे बसून अभ्यास करायची, आणि पुढे अभ्यास सुटला पण तिकीटघर काही सुटलं नाही. लोकांना वाटायचं, काय मजा आहे हिची, रोज पार्कमध्ये असते. मिठाईच्या दुकानात काम करणाऱ्याला विचारा, संध्याकाळी त्याला काय खावंसं वाटतं.

तिकीटघराशेजारी वजनाचं यंत्र होतं. त्यावर उभं राहिलं की दिवे लागायचे आणि वजन छापलेलं पुठ्ठ्याचं कार्ड बाहेर पडायचं. दर वर्षी हंगामाच्या पहिल्या दिवशी ते यंत्र लावून घ्यायचं काम माझं. त्यासाठी बाबांचं एक पोतं यंत्रावर ठेवायचं आणि मागचा स्क्रू साठ दिसेपर्यंत फिरवायचा. पोतं साठ किलोचं, हे अख्ख्या पार्कला माहीत होतं. यंत्र चुकेल, पोतं कसं चुकेल?

हिवाळ्यात चार महिने रस्ता गोठायचा आणि पार्क बंद व्हायचं. वरच्या कोठीत ओल असायची, तिथे पोती कुजायची, म्हणून ती ट्रकमध्ये घालून खाली आमच्या घरी यायची. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून चोवीस पोती. पाहुणे आले की त्यांच्यावरच बसायचे. हिवाळाभर आई एकेक पोतं रिकामं करायची, धुऊन वाळवायची, फाटलेल्या ठिकाणी ठिगळ लावायची, वाळू परत भरायची आणि दाभण-सुतळीने तोंड शिवून टाकायची. तिच्या शिवणीत दर चौथा टाका दुहेरी असायचा. तिला कोणी शिकवलं होतं कोण जाणे, पण तो टाका बाबा अंधारातही ओळखायचे.

मग डोंगराखालून हमरस्त्याचा बोगदा झाला. गाड्या घाट न चढता सरळ डोंगराच्या पोटातून पलीकडे जायला लागल्या. आमच्याकडे यायचं तर आता मुद्दाम वाट वाकडी करून यावं लागायचं, आणि एवढी हौस किती जणांना असते? छोट्या गाडीचं इंजिन बंद पडलं ते पडलंच. आरसेमहालातले दोन आरसे फुटले, तिथे साध्या काचा बसवल्या. त्यात लोक जसे आहेत तसेच दिसायचे, वेडेवाकडे नाही, आणि तक्रार करायचे. फक्त आकाशपाळणा फिरत होता. त्याच्या जिवावर बाकी सगळं उभं होतं, मीसुद्धा.

बाबांची कंबर गेली ती एकविसाव्या हंगामाच्या अखेरीला. शेवटच्या डब्यात पोतं चढवताना ते जे वाकले ते सरळ झालेच नाहीत. चौघांनी त्यांना कोठीच्या काढलेल्या दारावर आडवं घालून खाली आणलं. एकोणीस दिवस ते फळीवर पडून होते. आई दिवसातून चार वेळा गरम पाण्याच्या पिशवीने शेकायची. पोती उचलायला दुसरा माणूस ठेवा, म्हणून ती त्यांच्या मागे लागली. बाबा म्हणायचे, दुसरा माणूस पोतं उचलेल, पण आवाज कोण ऐकेल? उचलणं वेगळं आणि ऐकणं वेगळं, हे त्यांना सांगायला गेलं की ते भिंतीकडे तोंड करायचे. घरात समजावून सांगायची त्यांना सवयच नव्हती. यंत्राशी बोलायचे, माणसांशी नाही.

पुढच्या हंगामात ते परत पोती उचलायला लागले आणि म्हणाले, विश्रांतीने बरं वाटलं. त्याच्या पुढच्या हंगामात आणखी बरं वाटलं. मालक वारले आणि त्यांचा भाचा कारभार बघायला लागला, तोवर बाबा अगदी जवान झाले होते. भाचेसाहेब वाईट माणूस नव्हता, पण त्याने कागद चाळले आणि बाबांची साठी जवळ आल्याचं त्याच्या लक्षात आलं. त्याने फार सांभाळून सुचवलं की काकांनी आता ऑफिसात बसावं. बाबांनी त्याला सकाळी सातला बोलावलं आणि त्याच्यासमोर चोवीसच्या चोवीस पोती डब्यांत चढवली. मग हात झटकून म्हणाले, "ज्या दिवशी पोतं उचलणार नाही, त्या दिवशी किल्ल्या मी स्वतः तुमच्या टेबलावर ठेवीन." ही गोष्ट ते भेटेल त्याला सांगायचे. तिशीत जेवढं जड वाटायचं तेवढंही आता वाटत नाही, सवयीने अंग घडतं, वगैरे. मला अभिमान वाटायचा. खोटं कशाला बोलू, खूप वाटायचा.

त्याच काळात कँटीनवाल्या काकूंनी साखर सोडली. मग बटाटा सोडला. तरी आमच्या यंत्रावर त्यांचं वजन दर वर्षी वाढतच होतं. फिरायला येणारेही म्हणायचे, वर आलं की वजन वाढतं बुवा. मी हसून सांगायची, डोंगराची हवा. एकदा तर भाचेसाहेबांनी तसा बोर्डच लिहून घेतला.

बत्तिसाव्या हंगामात नवं यंत्र आलं. सीलबंद, मागे फिरवायला स्क्रूच नाही. दुसऱ्या आठवड्यातल्या एका मंगळवारी ते बसवलं आणि काकू पहिल्यांदा चढल्या. मागच्या वर्षी त्यांचं वजन एक्क्याण्णव होतं, आता कार्ड आलं सत्तरचं. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. यंत्र बसवणाऱ्याला त्या मिठी मारतात की काय असं वाटलं. मी मात्र त्याच्यावर उखडले. बिघडलेला माल गळ्यात मारता का, असं विचारलं, आणि त्याची खोड मोडायची म्हणून पाळण्याजवळून एक पोतं ढकलगाडीवरून आणवलं. नव्या यंत्राने सांगितलं, शेहेचाळीस.

तो माणूस शांत होता. त्याने पिशवीतून पितळी वजनं काढून यंत्रावर ठेवली, वीस अधिक वीस. यंत्र म्हणालं चाळीस. तो म्हणाला, "ताई, यंत्र बरोबर आहे. तुमचं पोतं कमी आहे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशी माझी गत. अकरा वर्षं मी स्वतःच्या हाताने तो स्क्रू फिरवत होते. पोतं हलकं होत होतं आणि मी यंत्राला खोटं बोलायला शिकवत होते. काकूंचा बटाटा माझ्यामुळे सुटला होता. पण तेवढ्यावर थांबणारं ते नव्हतं, हे मला तिथे उभ्या उभ्याच कळलं.

दुपारी खोटं कारण काढून मी घरी गेले. आई ओट्याशी बसून मटार सोलत होती. मी विचारलं, पोत्यांना उंदीर लागले होते का?

"नाही," ती म्हणाली. "वाळू मी काढली."

जसं काही दूध उतू गेलं, एवढ्या साधेपणाने म्हणाली. दर हिवाळ्यात प्रत्येक पोत्यातून दोन ओंजळी. बाबांची कंबर गेली त्या वर्षापासून. जास्त काढली असती तर त्यांच्या लक्षात आलं असतं, म्हणून दोनच. काढलेली वाळू तिने दारापासून नळापर्यंतच्या वाटेवर पसरली होती. थंडीत त्या वाटेवर कधी पाय घसरत नाही, म्हणून बाबा तिचं कौतुक करायचे.

"माणूस ऐकत नाही, तर मी काय करू?" ती म्हणाली. "शेकून शेकून माझे हात भाजले. म्हटलं, ह्यांना रोज काहीतरी उचलायचंच आहे ना, मग उचलू दे. हलकं उचलू दे."

"आई, ती पोती कशासाठी असतात माहीत आहे तुला?"

तिला माहीत नव्हतं. बत्तीस वर्षं ती पोती शिवत होती आणि ती कशासाठी आहेत हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. बाबांनी नाही, मीही नाही. तिला वाटायचं, पाळण्याला तोल लागतो म्हणून सुरुवातीला वजन घालतात, मोटार गरम व्हायला. मी तिला सांगितलं. माणसं बसवायच्या आधी माणसांएवढं वजन घालून बघायचं असतं, आणि अकरा वर्षं ते माणसांएवढं नव्हतं. बाबा रोज चौदाशे किलोवर तपासल्याचं लिहीत होते आणि आता तपासत होते अकराशेवर. तिचे हात मटारांत तसेच राहिले. ती एवढंच म्हणाली की त्यांना सांगू नकोस, ते खचतील.

मी नाही सांगितलं. त्या दिवशी परत जाऊन मी तिकिटं फाडली. एक बाप आणि दोन मुली, एक म्हातारं जोडपं, शाळेची सहल. प्रत्येक तिकिटाला माझा हात जड होत होता. सांगितलं तर बाबांचं काय उरतं? त्यांच्याकडे दुसरं काय होतं, एवढी एक ताकद आणि एवढी एक खात्री. आणि नाही सांगितलं तर रविवारी बाराच्या बारा डबे भरून फिरणार. माझा राग सगळ्यांवर होता. आईवर, कारण तिने विचारलं नाही. बाबांवर, कारण त्यांनी सांगितलं नाही. पाळण्यावर तर लहानपणापासूनच होता.

बुधवारी सकाळी बाबा पहिलं पोतं उचलायला वाकले तेव्हा मी म्हटलं, आधी ते यंत्रावर ठेवा. ते चिडले. शेहेचाळीस बघितल्यावर यंत्रावर चिडले. मग म्हणाले, बाकीची आण. सगळी पोती तोलली. पंचेचाळीस, सत्तेचाळीस, शेहेचाळीस. मी म्हटलं, उंदीर असतील.

"उंदीर चोवीस पोत्यांतून सारखी वाळू खात नाहीत," बाबा म्हणाले. त्यांनी एका पोत्याच्या तोंडावरून अंगठा फिरवला, चौथ्या टाक्यापाशी थांबले, आणि पुढे काही विचारलं नाही. पाळण्यापुढे साखळी लावून ‘आज बंद’ची पाटी अडकवली.

वाळू मागवली. दिवसभर बसून त्यांनी स्वतः चोवीस पोती साठवर आणली, दोनदा तोलून. पाच वाजता त्यांनी एक पोतं उचललं. गुडघ्यापर्यंत आलं. तिथे ते थरथरायला लागले, आणि त्यांनी ते हळूच खाली ठेवलं, आपटू दिलं नाही. मग त्याच्यावर बसले. मी जवळ जाऊन उभी राहिले. ते म्हणाले, "मला वाटत होतं, मी म्हातारा झालो नाही." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. फार थकलेला माणूस वेळ विचारतो तसं बोलले. मी तेव्हा रडले. त्यांच्यासमोर रडले, आणि त्यांनी मला रडू दिलं.

गुरुवारी सकाळी बाबा निघाले तर आई शाल गुंडाळून दारात उभी. ती सहा वर्षांत वर आली नव्हती. तिचे गुडघे दुखायचे. बाबांनी तिच्याकडे बघितलं, ती म्हणाली, चला. वर पोचल्यावर तिने पहिल्या पोत्याचा एक कान धरला आणि त्यांची वाट बघत उभी राहिली. त्यांनी दुसरा धरला. मी आणि कँटीनवाल्या काकू दुसऱ्या पोत्याला लागलो. चौघांच्या मिळून तीन कंबरा दुखऱ्या. तासाभरात होणाऱ्या कामाला सव्वादोन तास लागले, पण चोवीस पोती चढली.

बाबांनी पाळणा सुरू केला, स्क्रू ड्रायव्हर खांबाला टेकवला आणि कान लावला. तिसऱ्या फेरीला सातवा डबा वर गेला तेव्हा मलाही ऐकू आलं. टक्. एकदाच. चौथ्या फेरीला पुन्हा त्याच जागी, टक्. माणसं बसलेली असली की गाणी लागलेली असतात, पोरं किंचाळत असतात, तेव्हा हा आवाज कोणाला ऐकू येणार? बाबांनी पाळणा थांबवला. पोती उतरवली. त्या वयात, त्या कंबरेने ते शिडीवर चढले. मधल्या चाकाला जिथे सातव्या डब्याचा दांडा जोडलेला होता, तिथल्या जाड पट्टीला बोटभर लांबीची भेग होती, केसाएवढी बारीक. त्यांनी तिथे कापसाचा बोळा फिरवला आणि तो खाली आणून मला दाखवला. त्याला गंज लागला होता. भेगेच्या आत गंज होता, म्हणजे भेग आजची नव्हती. परवाच्या रविवारीही ती होती. त्याच्या मागच्या वर्षीच्या रविवारीही असेल.

आईने तो बोळा हातात घेतला आणि परत दिलाच नाही.

भाचेसाहेब धावत आला. त्याला सगळं सांगितलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला, पण सावरला लगेच. पट्टी बदलू, म्हणाला. आठ दिवस पाळणा बंद ठेवू. रजिस्टरमध्ये तेवढं लिहू नका. निरीक्षक ते रजिस्टर दर हंगामात बघतो, अकरा वर्षं चाचणी खोटी होती हे त्याने वाचलं तर पाळण्याची परवानगी गेलीच, आणि पाळणा गेला की पार्क गेलं. चाळीसातली सोळा माणसं उरली होती, त्यांचं काय? त्यांत तुमची मुलगीही आहे. आणि मग तो अगदी मनापासून म्हणाला, "काका, झालं तर काहीच नाही ना?"

"नाही झालं," बाबा म्हणाले. "पण ते मी टाळलं नाही."

त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, टेबलावर ठेवला आणि रजिस्टर ओढलं. चष्मा पुसला. लिहिलं, ‘सातव्या डब्याच्या जोडपट्टीला जुनी भेग. पाळणा बंद. चाचणीचं वजन गेले अकरा हंगाम कमी होतं. मी तोलून बघितलं नाही. चूक माझी.’ खाली सही केली.

आईला वाचता येतं, पण चष्मा घरी राहिला होता. तिने मला मोठ्याने वाचायला लावलं. मी वाचलं. ती बाबांना म्हणाली, "अहो, हे बरोबर नाही. वाळू मी काढली."

"तोलून बघायचं काम माझं होतं."

"असेल. पण काढली मी. त्यात तसं कुठे आहे?"

बाबा म्हणाले, हे पाळण्याचं रजिस्टर आहे, घरातल्या गोष्टी ह्यात लिहीत नाहीत. भाचेसाहेब खिडकीबाहेर बघत होता. आईने बाबांच्या हातातून पेन घेतलं, वही स्वतःकडे वळवली आणि डोळे बारीक करून त्यांच्या सहीखाली लिहायला लागली. तिला फार वेळ लागला. ओळ तिरकी खाली खाली गेली. ‘वाळू मी काढली. ह्यांची कंबर दुखत होती.’ आणि खाली सही, शाळेत शिकवतात तशी, सुटी सुटी अक्षरं.

बाबांनी ते वाचलं. मग त्यांनी पेन घेऊन तिच्या ओळीपुढे तारीख घातली, कारण तारखेशिवाय नोंद धरत नाहीत.

पुढे जे व्हायचं ते झालं. निरीक्षक आला, त्याने पान वाचलं, परत वाचलं, ह्या बाई कोण असं विचारलं. मी सांगितलं. प्रत्येक पानावर शिक्का मारायचा नियमच असल्यामुळे त्याने त्या पानावरही मारला. पाळणा परत फिरला नाही. राक्षस आणि साध्या काचांचा आरसेमहाल ह्यांच्यावर पार्क आणखी दोन हंगाम रखडलं आणि मग संपलं. बोगद्याने संपलं असतंच म्हणा, पण लोक म्हणतात, ‘दोन बोल्ट’ने संपवलं. म्हणोत. बाबांना त्याचं काही वाटत नाही. त्यांना वाटतं ते त्या रविवारांचं. अजूनही कधी जेवताना मध्येच थांबतात, तेव्हा ते मोजत असतात, हे आम्हाला दोघींना कळतं.

ती मुलगी परवा पुन्हा आली. अपघाताची ओळ तिने काढली होती. फलकाखाली एक काचेची पेटी ठेवणार आहेत, तिच्यात ठेवायला काही जुनं मिळेल का, असं विचारत होती. बाबांनी डबा उघडून ते दोन बोल्ट दिले. मग म्हणाले, रजिस्टरही देऊन टाक, ते शेवटचं पान उघडं ठेवा म्हणावं.

आई आतून बाहेर आली आणि म्हणाली की ते अजिबात द्यायचं नाही, तिचं अक्षर फार वाईट आलं आहे त्यात.